लयकारिका

नगारखान्याच्या पायऱ्या चढताना धैर्यशीलने डावा तळहात मांडीवर रोवला, मांडी दाबली आणि मगच पुढचं पाऊल वर उचललं. क्षणाचीच गोष्ट. खाली पारावर बसलेल्या कस्तुरीने ती पाहिली आणि कोवळ्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

तिचं दुखणं असंच सुरू झालं होतं.

गारगोटीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या गावात रवळनाथाच्या दारी सनई-चौघडा वाजवण्याचा मान गुरवांच्या घराकडे होता. वडील गेल्यावर सनई कस्तुरीने उचलली आणि चौघडा धाकट्या धैर्यशीलने. बाईमाणसाने नगारखान्यात बसावं का, अशी कुरकुर सुरुवातीला झाली. पण तिची फुंक ऐकली की कुरकुरणारेही हातातलं काम टाकून उभे राहत. नाकाने श्वास घेत, गालातला सोडत ती एकच सूर इतका लांबवायची की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मग मांड्यांतली ताकद ओसरू लागली. जिना जड झाला. उताणं झोपलं की गुदमरायला व्हायचं. आणि एका सकाळी सूर मध्येच तुटला, तो पुन्हा जोडता आला नाही. आता ती झोपताना तोंडावर श्वासयंत्राचा मुखवटा लावायची, आणि नगारखान्यात चौघडा एकटाच वाजायचा.

दुखण्याचं नाव पाँपे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन बिघडलेली जनुकं एकाच लेकराच्या वाट्याला आली, तर होणारं. भावंडांनाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. धैर्यशील गेला नव्हता.

तो वाजवून खाली आला तेव्हा तिने विचारलं, "मांडीला हात का लावलास?"

"गुडघा धरलाय जरा."

"धैर्या, मला शिकवू नकोस."

तो तिच्या शेजारी बसला. चौघडा वाजवायचं टिपरू हातात फिरवत म्हणाला, "समजा असलं मलाही. काय करू? दर पंधरवड्याला कोल्हापूरला जाऊन सलाईन लावून घेऊ? तू घेतलंस की इतकी वर्षं. काय झालं त्याचं?"

बाहेरून दिलेलं औषध तिच्या शरीराने आधी घरच्यासारखं घेतलं, मग परकं ठरवून त्याच्याशी उभा दावा मांडला. डॉक्टरांना ते थांबवावं लागलं.

"शिकलगार मॅडमनी नवीन काहीतरी काढलंय," ती म्हणाली. "मला बोलावलंय."

"मग आधी तुझं बघू. तुला गुण आला तर मी येतो. नाही आला तर मला कळून तरी काय करायचं?"

डॉ. रुबिना शिकलगार स्नायूंच्या आजारांवर काम करत. पन्नाशीच्या, बुटक्या, समोरच्याला आधी चहा पाजून मगच बोलायला सुरुवात करणाऱ्या बाई. त्या दिवशी मात्र त्यांनी टेबलावर काचेच्या पेल्यात गरम पाणी घेतलं होतं आणि त्यात गोकर्णीची फुलं टाकली होती. पाणी हळूहळू गर्द निळं होत होतं.

"आपल्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या पिशव्या असतात," त्या म्हणाल्या. "आत आम्ल. पेशीतलं जे जुनं झालं, मोडलं, ते या पिशव्यांत जातं, विरघळतं, आणि त्यातून कामाचं निघेल ते पेशी पुन्हा वापरते. लायसोसोम. शाळेच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हणतात."

धैर्यशील नुसता गाडी चालवायला म्हणून आला होता, कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. त्याने मान वर केली. "लय म्हणजे आमची लय?"

"लय म्हणजे विरून जाणं. पण तुमची म्हटलीत तरी चालेल." मॅडम हसल्या आणि कस्तुरीकडे वळल्या. "तुमच्या लयकारिकांत एक एन्झाइम नाही. स्नायूंनी साठवलेली साखर त्यांच्यात येते, पण तिचे तुकडे होत नाहीत. पिशवी फुगत जाते, शेवटी फुटते. स्नायू आतल्या आत कोंडला जातो."

"हे माहीत आहे मला."

"आता माहीत नसलेलं सांगते. झाडाच्या पेशीत मधोमध एक भलीमोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना ती रिकामी वाटली म्हणून हे नाव. पण तिच्यात पाणी असतं, साखर असते, फुलाचा रंग असतो, विषही असतं. झाडाला कचरा टाकायला बाहेर जाता येत नाही; ते पोटातच कोठी बांधतं. आपल्याही पेशीत रिक्तिका असतात, फक्त चिमुकल्या आणि घटकाभराच्या. पेशीतलं काही जुनं झालं की ते अशा रिक्तिकेत गुंडाळलं जातं. मग लयकारिका येऊन तिला मिळते. दोघींची एकच पिशवी होते आणि आतलं पचतं. एकीने धरून ठेवायचं, दुसरीने विरवायचं. जगातल्या प्रत्येक जिवंत माणसात हे आत्ता, या क्षणी चाललंय."

कस्तुरीने नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"आम्ही गोकर्णीच्या वेलाकडून जनुकांची एक जुडी घेतली आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "ती स्नायूत पोचली की तुमची पेशी स्वतःच झाडासारखी टिकाऊ रिक्तिका बांधेल. फुगलेल्या लयकारिका आपला भार तिच्यात ओततील. साखर तोडणारं झाडाचं एन्झाइम तिच्यात असेल, पण झोपलेलं. आम्ल मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि आम्ल आहे लयकारिकांकडे. म्हणजे जागा एकीकडे, आम्ल दुसरीकडे. एकटीचं कोणाचंच भागत नाही."

त्यांनी पेल्यात लिंबू पिळलं. निळ्या पाण्यात जांभळी वळणं उठली, पसरली आणि बघता बघता सगळा पेला गुलाबी झाला.

"तुमच्या हातावर बोटभर जागेत हा रंगही देणार आहोत. म्हणजे दर वेळी मांसाचा तुकडा काढून बघायला नको. निळा म्हणजे रिक्तिका तयार आहे, साठवते आहे. जांभळा-गुलाबी म्हणजे लयकारिका येऊन मिळाल्या."

"हातावर बघून कळणार?" धैर्यशीलने विचारलं.

"कळणार."

"मग बरंय," तो म्हणाला. त्या दोन शब्दांत केवढं काय होतं ते फक्त कस्तुरीला ऐकू आलं.

इंजेक्शनानंतर काही आठवड्यांनी तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, नीळ उतरली. आधी शिरेची सावली वाटावी इतकी पुसट, मग दाट होत होत थेट गोकर्णीच्या पाकळीची. आईने ओल्या बोटाने घासून पाहिलं, मग पदराने.

"पुसत नाही गं," ती म्हणाली.

"आतून आलंय ते."

आई हात सोडेना. माणसाच्या कातडीखाली वेलीचा रंग फुललेला तिने कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. आंघोळीच्या वेळी, भांडी घासताना, उन्हात बसल्यावर कस्तुरी पुन्हा पुन्हा तो तुकडा बघे. आपल्या आत कुणीतरी कोठारं बांधतंय, या विचाराने तिला हसू येई आणि जरा भीतीही वाटे.

मॅडमनी बजावलं होतं, "आधी साठू दे. कडेने जांभळं व्हायला वेळ लागेल. घाई करायची नाही."

घाई तिला नव्हतीच. घाई धैर्यशीलच्या पायांना होती. तो आता जेवायला पाटावर बसत नव्हता. खुर्चीवर बरं वाटतं म्हणायचा. रोज सकाळी देवळातून आला की तो आधी तिच्या हाताकडे बघे आणि म्हणे, "निळाच आहे की."

श्रावणातल्या एका सोमवारी तिने आईबरोबर सवयीने उपास धरला. दुपार कलली तशी निळ्या तुकड्याची कड जांभळी झाली, आणि संध्याकाळपर्यंत अर्धा तुकडा गुलाबी झाला. धैर्यशीलने तो पाहिला आणि तो तिथेच खुर्चीवर बसला.

"अक्का, हे झालं."

"झालंय खरं."

"दुखतंय का?"

"नाही रे."

त्याने बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही. गुलाबीच्या कडेवरून हवेतच फिरवलं. "दिवाळी झाली की जातो टेस्टला," तो म्हणाला.

रात्री उपास सुटला आणि सकाळी हात पुन्हा निळा होता. कस्तुरीने तो बाहीखाली झाकला. तिने मोबाइलवर शोधलं, वाचलं. उपाशी पेशी पोटापाण्यासाठी स्वतःचंच साठवलेलं मोडायला काढते आणि लयकारिकांना घाईने धाडते. भूक लागली की रंग बदलणारच.

त्या दिवशी तिने न्याहारी टाळली. पित्त झालंय म्हणाली. मग दुपारचं जेवण अर्ध्यावर सोडलं. पुढे पुढे भाकरीचा तुकडा तोंडात फिरवायचा आणि आईची पाठ वळली की उरलेली गाईपुढे टाकायची, हे अंगवळणीच पडलं. आपण त्याला फसवत नाही, असं ती स्वतःला सांगे. होणारच आहे ते जरा लवकर दाखवतोय, एवढंच. आणि हात गुलाबी दिसला की धैर्यशीलचा चेहरा उजळायचा. तो टेस्टला गेला. त्यालाही तेच होतं. पण तो खचला नाही. अक्काच्या हाताकडे बोट दाखवून त्याने मॅडमना इंजेक्शनासाठी होकार दिला.

तारीख जवळ आली होती. एका दुपारी परसात पाण्याची कळशी उचलताना कस्तुरीला हातावर काहीतरी वेगळं दिसलं. गुलाबीमध्ये राखाडी-पांढरे ठिपके होते. तिथे निळाही नव्हता, गुलाबीही नव्हता. ती वाकून नीट बघायला गेली आणि जमीन तिच्यावर चालून आली.

आवाज ऐकून धैर्यशील धावत आला. त्याने तिच्या काखेत हात घातले, उचलायला गेला आणि स्वतःच खाली बसला. पुन्हा गेला. मांड्या ऐकेनात. शेवटी तिचं डोकं मांडीवर घेऊन तो सांडलेल्या पाण्याच्या चिखलात बसून राहिला आणि शेजाऱ्यांना हाका मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला शिकलगार मॅडमनी तिचा हात दिव्याखाली धरला. पांढऱ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. "कधीपासून जेवत नाहीस?" त्यांनी विचारलं. 'तुम्ही' केव्हा गळालं ते दोघींनाही कळलं नाही.

"जेवते की."

"कस्तुरी, पोटात काही नसल्यावर तुझ्या लयकारिकांना सैरभैर सोडलंस तू. रिक्तिका अजून कोवळ्या होत्या. आम्ल एकदम आत गेलं, त्यांची भिंत फाटली. हे पांढरं दिसतंय, ती फाटलेली कोठारं आहेत."

खिडकीशी उभा असलेला धैर्यशील वळला. "म्हणजे तो गुलाबी रंग..."

कस्तुरीने हात दिव्याखालून काढून बाहीत ओढला.

"मला दाखवायला उपाशी राहिलीस?"

"तुला इथे आणायचं होतं. तुझे पाय गेल्यावर येऊन काय उपयोग होता?"

"आणि तू गेली असतीस तर?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझा जीव तुझ्या हातावर टांगला होता मी. तो हातच खोटा निघाला. मॅडम, इंजेक्शनाच्या यादीतून माझं नाव काढा."

"काढते," मॅडम म्हणाल्या. "आधी दोघं आत या. तिच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा सकाळी घेतलाय, त्याला हातावरचाच रंग दिलाय, अजून जिवंत आहे. तुम्ही दोघांनी हातच बघितला. आत काय आहे ते एकदा बघा."

आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एक लांब, फिकट पट्टा दिसत होता. केसाएवढ्या जाडीचा एक स्नायुतंतू, मॅडमनी सांगितलं. त्यात काही ठिकाणी राखेसारखे डाग होते. कस्तुरीने मान खाली घातली.

"तिकडे नको. इकडे बघ."

मॅडमनी दृश्य सरकवलं, मोठं केलं, आणि पडदा निळा झाला.

निळा गोल होता तो. आतून उजेड असल्यासारखा, भरलेला, किंचित थरथरणारा. त्याच्याभोवती पसरलेल्या धूसर आकाशात बारीक ठिणग्या फिरत होत्या. शेकडो असतील. काही टपोऱ्या, सुजलेल्या, काही मोहरीएवढ्या. त्या वाऱ्यावरच्या धुळीसारख्या भरकटत नव्हत्या. प्रत्येकीची वाट ठरलेली होती. सरळ जायची, थांबायची, वाट बदलायची, पुन्हा निघायची.

"त्यांना कोण चालवतं?" कस्तुरीने कुजबुजत विचारलं.

"आत सुतं ताणलेली असतात. त्यांवरून प्रथिनं चालतात, एक पाऊल, मग दुसरं. एकेक लयकारिका पाठीवर घेऊन. जन्मापासून चालताहेत तुझ्या आत."

एक सुजलेली ठिणगी निळ्या गोलाजवळ आली. टेकली. कस्तुरीला वाटलं आता होईल. पण ती बाजूला झाली. पुन्हा टेकली, या वेळी जरा जास्त वेळ. पुन्हा सुटली. जणू उंबऱ्यावर उभं राहून आत कोण आहे याची चाहूल घेत होती. चहा आला, कुणी पेल्याला हात लावला नाही.

मग ती टेकली आणि सुटलीच नाही. दोघींच्या मधली भिंत जिथे होती तिथे एक बारीकशी वाट पडली. ठिणगी मोठ्या गोलात ओघळली, आणि त्या जागी निळ्यात जांभळी रेघ उमटली. रेघेची लाट झाली. लाट निळ्यात पसरत, विरत, पुन्हा उजळत पलीकडच्या काठापर्यंत गेली. पण सगळा गोल गुलाबी झाला नाही. जांभळट झाला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि सावकाश पुन्हा निळ्याकडे वळू लागला. तोवर दुसरी ठिणगी निघाली होती.

"एवढंच?" धैर्यशील म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"एका वेळी एवढंच. भरलेल्या कोठारात चिमूटभर आम्ल. रिक्तिका नीट जगली तर हातावरचा रंग महिनोन् महिने निळाच दिसतो. आत हे चालू असतं तरी."

कस्तुरी पडद्याकडे बघत राहिली. तिने मनात आजवर लढाई कल्पली होती. कचरा आणि आम्ल, हार आणि जीत. इथे कुणी कुणाशी लढत नव्हतं. एक वाट बघत होती आणि एक येत होती. तिने इतके महिने उपाशी ठेवलं, कोठारं फाडली, तरी जे कोठार उरलं होतं तिथे काम अडलं नव्हतं.

तेवढ्यात पडदा हलला. गोल, ठिणग्या, सगळं एकदम एका बाजूला झुकलं आणि परत जागेवर आलं.

"टेबलाला धक्का लागला का?" धैर्यशीलने विचारलं.

"नाही." मॅडमही पुढे वाकल्या होत्या. "तंतू आखडला. आतली साखर सुटली असेल, त्याला मिळाली."

"पण हा तर काढून ठेवलेला तुकडा आहे. याला हलायला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही."

तंतू पुन्हा हलला. थांबला. पुन्हा हलला. चौघड्यावर हयात काढलेला तो माणूस तोंड किंचित उघडं टाकून बघत राहिला. त्याची बोटं गुडघ्यावर त्या हालचालीबरोबर पडत होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुपारी त्याने खालच्या खानावळीतून डबा आणला. कस्तुरीच्या खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्याने भाकरी, पिठलं, दही मांडलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. ती खाऊ लागली. हाताकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"माझ्याही आत असंच असेल का गं?" शेवटी त्याने विचारलं.

"असणारच. तुझ्याही लयकारिका येरझारा घालत असतील. टेकायला जागा मिळत नाही, एवढंच."

त्याने उरलेली अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली. "खा. तुझा हात वर्षभर निळा राहिला तरी मी विचारणार नाही. पण पुन्हा माझ्यासाठी असलं काही केलंस तर बोलणार नाही तुझ्याशी."

"नाही करणार."

"खा मग." तो उठला. उठताना दोन्ही हात मांड्यांवर रोवले, आणि या वेळी ते लपवले नाहीत. "मॅडम गेल्या नसतील ना अजून? माझं नाव राहू द्या म्हणून सांगून येतो."

थंडीत त्याला इंजेक्शन मिळालं. कस्तुरीच्या हातावरचे पांढरे ठिपके तसेच राहिले. फाटलेली कोठारं पुन्हा बांधली गेली नाहीत. पण त्यांच्याभोवतीची नीळ दाटली. होळीच्या सुमारास एका सकाळी ती जागी झाली तेव्हा मुखवटा उशीखाली होता आणि ती चक्क उताणी झोपली होती. छाती वर जात होती, खाली येत होती. ती कितीतरी वेळ तशीच पडून ते होऊ देत राहिली. महिन्याभराने तिने सनई तोंडाला लावली. सूर पूर्वीसारखा लांबला नाही. थोडा वेळ उभा राहिला, मग खाली बसला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा लावला.

धैर्यशीलचं सावकाश चाललं होतं. त्याच्या हातावर नीळ उतरली होती, पाय होते तिथेच थांबले होते. आणखी खचत नव्हते, हीच मोठी गोष्ट होती. उन्हाळ्यात तपासणीला जाताना दोघांनी आईलाही बरोबर नेलं. शिकलगार मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि पडद्यावर तिच्या लेकाचा स्नायुतंतू दाखवला.

आईने पदर सावरला. निळा गोल पाहिला. त्याच्याकडे धावणाऱ्या, टेकणाऱ्या, ओघळणाऱ्या ठिणग्या पाहिल्या. जांभळी लाट पसरून विरताना पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. मॅडमनी समजावलेलं तिला किती कळलं कोण जाणे. बऱ्याच वेळाने तिने मागे वळून, खुर्चीत रेलून बसलेल्या धैर्यशीलकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"एवढं सगळं आत चाललंय," ती म्हणाली, "आणि मी रोज याला विचारते, रिकामा काय बसलायस."